खंडेनवमीचा फोटो

ग्राहकांची सगळी माहिती चोरीला गेली, तीही मालक गोरक्षकरसाहेबांच्याच पासवर्डने. काल एका डब्यात जेवणारे आज एकमेकांकडे चोरून बघत होते. साहेबांना तर सगळ्यांचाच संशय.

"माझा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे? हात वर करा!" ते गरजले.

संगणक विभागातल्या शलाकाने हात वर केला.

"सापडली!"

"थांबा, साहेब." तिने कंपनीच्या वेबसाइटवरचा खंडेनवमीचा फोटो पडद्यावर मोठा केला. हार घातलेला साहेबांचा कॉम्प्युटर, पुढे हात जोडून साहेब आणि कॉम्प्युटरवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी. एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले.

"हा फोटो टाकला कुणी?"

"तुम्हीच. शस्त्राची पूजा करून ते चोराच्या हाती देणारे तुम्ही पहिलेच, साहेब!"