वैद्यराज झुडूप आणि मुंग्या

झाडंझुडपं बोलायची, पण ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, एका डोंगरउतारावर लाल चहाचं झुडूप होतं. गावातली सारा आजी त्याच्या डहाळ्या कुटून, वाळवून, उकळून किरकिऱ्या बाळांना पाजायची. बाळं गाढ झोपायची. झालं! झुडूप स्वतःला वैद्यराज म्हणवू लागलं.

एकदा त्याने पाहिलं, मुंग्या त्याचं बी बिळात नेत होत्या. ते कडाडलं, "धन्वंतरीचं बी आणि मातीत? चालत्या व्हा!"

"जशी आज्ञा, वैद्यराज," म्हणत मुंग्या शेजारच्या, त्याच जातीच्या पण वाकड्या झुडपाचं बी वेचायला गेल्या. वैद्यराजांचं बी उघड्यावर ऐटीत पडून राहिलं.

उन्हाळ्यात वणवा आला. त्याला वैद्यकीतलं काही कळत नव्हतं. दोन्ही झुडपं जळाली, उघड्यावरचं बीही जळालं.

सारा आजी आली. वैद्यराजांची राख चिमटीत घेऊन म्हणाली, "बाळांच्या कामाची नाही, पण किटली घासायला बरी आहे."

पुढे पाऊस झाला आणि मुंग्यांच्या बिळांतून वाकड्याची रोपं वर आली. ती वाढल्यावर त्यांचाच चहा त्या लखलखीत किटलीत उकळू लागला. वैद्यराजही उपयोगी पडलेच म्हणायचे, फक्त किटलीच्या बाहेरून.