झाकणाची घाई

फार वर्षांपूर्वी, म्हणजे मागच्या मंगळवारी, एका परीक्षानळीत डीएनएच्या दोऱ्या राहत होत्या. त्यांना एकमेकींना धरून औषधाची डबी व्हायचं होतं. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर नळी मोरीत रिकामी होणार होती. नव्या नवरीला असते तशी प्रत्येकीला एक पाठराखीण चिकटलेली होती; ती सुटेपर्यंत दुसरीला धरता येत नसे. कातरबाई नावाचं एन्झाइम पाळीपाळीने पाठराखिणी कापून एकेकीला सोडी: आधी तळ, मग भिंती, शेवटी झाकण.

झाकण होणारी रेवू रुसली. “मावशी, मला आधी सोडा ना! मी काय परकी आहे?”

“अगं, भिंती तरी उभ्या राहू देत.”

“सगळं कौतुक त्यांचंच!”

भुणभुणीला कंटाळून कातरबाईने तिला सोडलं. रेवू धावली ती थेट तळालाच घट्ट चिकटली. भिंती बाहेर ताटकळल्या.

संध्याकाळी मोरीतून वाहताना रेवू त्यांना म्हणाली, “बघा, कशी बंद केली डबी! थेंबभर औषध सांडलं नाही.”