पाय नसलेली सुरळी

फार फार वर्षांपूर्वी, प्राणी एकमेकांशी बोलत आणि मनसोक्त भांडतही, तेव्हा एका माळावर एक सुरळी, म्हणजे सापसुरळी, राहत होती. सरडे, पाली, घोरपडी हे तिचे सगेसोयरे. त्यांना चार-चार पाय होते आणि हिला एकही नव्हता.

सरडे म्हणत, "ही तर साप!" साप म्हणत, "पापण्या मिटतेस की गं! आम्हाला कुठे पापण्या? जा तुझ्या सरड्यांकडे." बिचारी ना घरची ना घाटची.

थंडीत सरड्यांचं सगळं कूळ खडकाच्या एका कपारीत निजायचं. दाराशी ओली माती थापलेली असे. येणाऱ्यानं तीत पाऊल उमटवायचं. राखणीला बसलेली घोरपडमावशी ते चाचपून म्हणायची, "आपलंच आहे, येऊ द्या." मावशी डोळ्यांनी अधू होती, पण रीत म्हणजे रीत.

एका वर्षी थंडीचा असा कडाका पडला की बाहेर राहणं म्हणजे मरणच. सुरळी दाराशी आली.

"मावशी, आत घ्या हो. अंग आखडत चाललंय."

"पाऊल उमटव."

"पाय असते तर उमटवलं नसतं का?"

"मग तू आमची नव्हेस, बाई."

आतली पिल्लं खदखदून हसली. सुरळीला ते फार लागलं, पण जाणार कुठे? दाराजवळच्या वाळक्या गवतात ती अंग चोरून पडून राहिली.

थोड्या वेळानं तिथे मुंगूस आलं आणि त्याचा पंजा मातीत उमटला. मावशीनं चाचपलं. बोटं आहेत, नख्याही आहेत. "आपलंच आहे, येऊ द्या!" आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते हेच.

सुरळीनं हे पाहिलं. हसले होते ना, भोगू देत आता, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. पण पिल्लांची किंकाळी ऐकू आली आणि तिला राहवेना. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ती आत घुसली, थेट मुंगसाच्या पुढ्यात. त्यानं तिची शेपटी धरली. सुरळीनं कळ सोसून शेपटी तोडून टाकली. तुटलेली शेपटी अशी वळवळू लागली की मुंगूस तिच्याच मागे लागलं.

"पळा, फटींत शिरा!" सुरळी ओरडली. सगळे खोल फटींत शिरले. शेवटी मुंगूस ती शेपटीच तोंडात धरून निघून गेलं.

मावशीनं सुरळीची जखम चाचपली आणि ती म्हणाली, "अशी शेपटी टाकणं सापाला जमत नाही गं. तू आपलीच आहेस."

सुरळी म्हणाली, "आणि मावशी, शेपटी टाकली नसती तर?"

मावशीनं मान खाली घातली. तिनं सुरळीला कपारीतल्या सगळ्यात उबदार जागी नेलं. मघाशी हसलेली पिल्लं हळूच येऊन तिला बिलगली.

बाळांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: खूण परक्यालाही दाखवता येते, म्हणून खुणेपायी आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवू नये.