राहिलेली तीस टक्के

“पण मॅडम, तिच्या आईला सांगायला हरकत काय आहे?”

निनाद सबनीस या तरुण डॉक्टरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. केसकर मॅडम त्याच्या गुरू, पस्तीस वर्षं आजारी पोरांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या. आताही त्या आठ महिन्यांच्या तनूच्या उशाशीच होत्या. तनूच्या मेंदूला सूज आली होती, कवटीतला दाब वाढला होता. चार दिवस तिनं डोळे उघडले नव्हते.

निनाद हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. अशी मुलं बरी होण्याची शक्यता किती, हे आधीच सांगणारा तक्ता त्यानं दोन वर्षं खपून तयार केला होता. तो घेऊन तो आज संध्याकाळच्या गाडीनं दिल्लीच्या परिषदेला निघाला होता. बॅग दारापाशी तयार होती. पाय एका जागी ठरत नव्हते.

“सांग,” मॅडम म्हणाल्या.

तो तनूच्या आईकडे वळला. “शेवंताताई, तनू सत्तर टक्के बरी होईल.”

शेवंतानं पोरीच्या पायापासून डोक्यापर्यंत सावकाश नजर फिरवली.

“मंग... राहिलेली तीस टक्के कुठली, सायेब?”

“म्हणजे?”

“हात का पाय? का डोळं? आधी कळलं तर बरं. हात लुळा पडला तरी मी भरवीन की तिला.”

“तसं नाही हो ताई. अशा शंभर मुलांमधली सत्तर बरी होतात.”

“आन् तनू त्या सत्तरातली हाय?”

“ते... ते नाही सांगता येत.”

“मंग सांगितलं काय तुमी?”

निनादनं मॅडमकडे पाहिलं. हे होणार हे ठाऊक असूनही त्यांनी बोलू दिलं, याचा खरं तर त्याला रागच आला होता.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट अलगद तनूच्या डोक्यावरच्या, अजून हाड न भरलेल्या टाळूवर ठेवलं. चार दिवसांत त्यानं टाळूला हात लावला नव्हता. दाबाचा आकडा यंत्रावर दिसत होता, मग हात कशाला लावायचा?

“काय लागतंय?”

“फुगलेली आहे. घट्ट आहे...” तो थांबला. “नाडीसारखी उडतेय, मॅडम.”

“काल कशी होती?”

निनादनं यंत्राकडे पाहिलं.

“काल दगडावानी हुती,” शेवंता म्हणाली. “आज जरा दबतीया. मी सारखी हात लावून बघती न्हवं.”

निनादनं बोट उचललं नाही. गाडीची वेळ होत आली होती, तरीही उचललं नाही.

“सकाळी आनखी मऊ पडंल का, सायेब?”

“सकाळीच कळेल, ताई. हात लावून बघावं लागेल.”

“तुमीच बघणार न्हवं?”

निनादनं दारापाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग मॅडमकडे...

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराला पुसला.

“सांग की तिला,” त्या म्हणाल्या. “सकाळी तू इथं असशील, ते किती टक्के?”