घोंगडीवर बसलेले खासदार

"महाराज, इतकी वर्षं या गादीवर बसलात, अंगाला साधा डाग नाही. हे जमतं तरी कसं?"

प्रश्न माजी खासदार प्रल्हादराव टेकाळ्यांचा. सूर कौतुकाचा होता, पण आत जळफळाट होता.

धानोऱ्याच्या मठाचे सांबय्या महाराज सुपारी कातरत होते, ती कातरत राहिले...

टेकाळे म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. तालमीतला पोरगा सरपंच झाला, मग जिल्हा परिषद गाजवली, मग दोनदा राज्यसभेवर गेला. बोलायला उभे राहिले की विरोधकसुद्धा कान टवकारत. जिल्ह्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे.

आणि मग ते वसतिगृह निघालं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी खासदार निधीतून बांधलेलं. कागदावर तीन मजली, जागेवर जाऊन पाहावं तर नुसत्या बाभळी. गावोगाव बोभाटा झाला, दिल्लीत नाचक्की झाली आणि साहेब राजीनामा देऊन घरी आले.

तुरुंगात मात्र ते गेले नाहीत. गेला त्यांचा स्वीय सहायक, सुधाकर गवळे. साहेबांच्या नावाने बिलांवर मीच सह्या ठोकल्या, असं त्याने सांगून टाकलं. तसं सांगायला लावलं होतं साहेबांनीच. महिन्याभरात सोडवतो, असा शब्दही दिला होता. त्या शब्दावर दोन पावसाळे पडून गेले.

आता पक्षाने पुन्हा दार किलकिलं केलं होतं. महाराजांनी मठाच्या यात्रेत चारचौघांसमोर एवढंच म्हणायचं, की टेकाळे निर्दोष आहेत. बाकीचं पक्ष पाहून घेणार होता. टेकाळ्यांनी हे आडपडदा न ठेवता महाराजांच्या कानावर घातलं.

महाराजांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. गादीकडे हात केला.

"बसा."

गादी कसली, दगडी चौथऱ्यावर अंथरलेली घोंगडी ती. पण सोमवारी दुपारी जो तिच्यावर बसेल, त्याने समोर येईल त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि दिल्याशिवाय खाली उतरायचं नाही, ही मठाची रीत सगळ्या पंचक्रोशीला माहीत. महाराजांखेरीज तिथे कोणी बसल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

टेकाळ्यांना आधी थट्टा वाटली. मग बसले. खरं सांगायचं तर बरं वाटलं त्यांना, किती दिवसांनी उंचावर बसायला मिळालं होतं.

महाराज जाऊन समोर लागलेल्या सोमवारच्या रांगेच्या शेवटी, चपलांपाशी टेकले.

रांग बरीच लांब होती. दसरा तोंडावर आलेला. ऊसतोडीला निघायच्या आधी माणसं लेकराबाळांसकट मठात येत. सगळ्यांत पुढे एक बाई उभी होती. टेकाळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली.

सुधाकरची बायको, सुलोचना.

तिनेही त्यांना ओळखलं. जागच्या जागी थबकली. मागे कुजबुज सुरू झाली आणि लगेच थांबली. आता ही तोंडावर थुंकणार, नाहीतर चप्पल आणायला मागे वळणार, असं टेकाळ्यांना वाटलं. दोन्हींची त्यांनी मनातल्या मनात तयारी केली.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. वाकली. दर सोमवारी टेकायची तसं चौथऱ्यावर कपाळ टेकलं.

"महाराज, माझा मालक घरी कधी येईल?"

दर सोमवारी ती हेच विचारी. दर सोमवारी महाराज म्हणत, मला ठाऊक नाही गं बाई.

तेच शब्द टेकाळ्यांच्याही जिभेवर होते. चौकशीत त्यांनी दुसरं काय सांगितलं होतं? मला ठाऊक नाही. म्हटलं की सुटलो. त्यांनी तोंड उघडलं...

आणि पुन्हा मिटलं.

महाराज म्हणाली ही आपल्याला. टोमणा नव्हता त्यात. ज्याने हिचं घर धुळीला मिळवलं तो समोर बसलाय हे पुरतं ओळखूनही ही वाकली, आणि आता खरोखर उत्तराची वाट पाहत उभी आहे. काय बाई म्हणावी ही! लाखालाखांच्या सभांमध्ये जयजयकार ऐकलेला हा माणूस, पण असा काटा त्याच्या अंगावर कधी आला नव्हता. चौथरा एकाएकी फार उंच वाटायला लागला.

सोडवा, अशा नजरेने त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज इतरांसारखेच हात जोडून बसले होते आणि तेही उत्तराची वाट पाहत होते.

"सह्या माझ्या होत्या," टेकाळे म्हणाले. मैदान दणाणून सोडणारा तो आवाज, पुढच्या चार माणसांना जेमतेम ऐकू गेला. "सुधाकरने काही केलेलं नाही. उद्या कोर्टात जाऊन मी तसं सांगतो. येईल तो घरी."

...

सुलोचना रडली नाही. उपकार मानले नाहीत. पुन्हा एकदा कपाळ टेकलं आणि घाईघाईने निघाली.

पक्ष गेला, यात्रा गेली, उद्यापासून स्वतःचं काय होणार तेही टेकाळ्यांना कळत होतं. चौथऱ्याच्या कडेला हात टेकून ते खाली उतरू लागले.

"महाराज, उत्तर दिलं मी. उतरू आता?"

पुढे सरकलेल्या ऊसतोड कामगाराच्या कडेवर एक मुलगी होती.

महाराज चपलांपाशी बसल्या बसल्याच म्हणाले,

"बसा. रांग अजून संपलेली नाही."