वेणुदाह आणि राणीचे तीन ससे

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी वेणुवती नगरात जयत्सेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवतकाप्याच्या घरी जन्मला होता. लोक त्याला दर्भक म्हणत. रोज सकाळी विळा घेऊन माळावर जावे, भारे बांधावे आणि राजाच्या हत्तीखान्यात नि उद्यानात पोचते करावे, एवढाच त्याचा उद्योग. मात्र या कथेत ज्याच्या तोंडचे पाणी पळाले तो दर्भक नव्हे, तर त्या उद्यानाचा अधिकारी मंदारक.

मंदारक माणूस वाईट नव्हता. उलट त्याचा जीव फार मऊ होता, आणि तीच मोठी अडचण होती. एखाद्या रोपावर त्याची माया जडली, की ते कुजेपर्यंत तो त्याला पाणी घालायचा. वर पुन्हा म्हणायचा, या रोपाचे नशीबच खोटे.

राणी हैमवती डोंगराळ मुलखातून लग्न होऊन आली, तेव्हा आईने तिच्यासोबत आठ पांढरे ससे दिले होते. माहेरची तेवढीच जिवंत आठवण. ते उद्यानातल्या लाकडी खुराड्यात राहत आणि राणी रोज सकाळी त्यांच्यापाशी येऊन बसे. थंडी पडू लागली तसा मंदारकाचा जीव कासावीस झाला. रोज संध्याकाळी तो ससे एका कोठडीत नेऊ लागला, शेगड्या पेटवू लागला, फटी चिंध्यांनी बुजवू लागला. सकाळी पुन्हा दहिवरात बाहेर. ते भांडतील म्हणून त्याने प्रत्येकाला तांब्याचा वेगळा पिंजरा करवला, आत लोकरीची रजई घातली, आणि मग झोपायला गेला तो समाधानाने.

वेणुवतीत पौष महिन्यात वेणुदाह होत असे. शेतात पीक उभे असताना रानहत्ती खाली उतरत. त्यांना परतवण्यासाठी लोक तीन संध्याकाळी शेकोट्या पेटवीत आणि त्यांत हिरव्या बांबूची कांडी टाकीत. आतली वाफ कोंडली की कांडे असे फुटे, की ऐकणाऱ्याचे कान बधिर व्हावेत. हत्ती मागे फिरत, पोरे नाचत, नगरात सण होई. त्या वर्षीच्या वेणुदाहात मात्र ते आठ ससे एकेकटे, लपायला काडीचा आडोसा नसलेल्या पिंजऱ्यांत होते. त्यांनी गजांवर अंग आपटले, खाणे सोडले, आणि दोन दिवसांत पाच गेले.

राणीने विचारले तेव्हा मंदारक म्हणाला, थंडीने गेले. कोठडी उबदार होती हे कळू नये म्हणून शेगड्यांची राख त्याने आदल्या दिवशीच भिंतीपलीकडे टाकून दिली होती. ती राख रोज गवत आणणाऱ्या दर्भकाने पाहिली होती. तो कोणाला काही बोलला नाही.

पुढचा हिवाळा आला तेव्हा राणीने राजाला स्पष्टच सांगितले, की उरलेले तीनही गेले तर ती माहेरी परत जाईल. दोन्ही राज्यांचे सख्य याच लग्नाने जुळले होते. राजा घाबरला, आणि घाबरलेले राजे जे करतात तेच त्याने केले. त्याने कठोर आज्ञा लिहवली, की यंदा जो बांबू फोडील त्याचा हात तोडला जाईल. मंदारकाला हायसे वाटले. आता दोष त्याच्यावर यायचा नव्हता.

त्याच वेळी दर्भक हत्तीखान्याचा भारा टाकून सरळ राजापुढे जाऊन उभा राहिला.

“महाराज, सशांचं भय काढून माणसांत घातलं, तर भय गेलं कुठं? नुसतं घर बदललं. आणि हत्ती काही आज्ञा वाचत नाहीत. पीक गेलं तर अख्ख्या नगराने काय खायचं?”

राजाने विचारले, मग ससे कोण वाचवणार. दर्भकाने सांगितले, की तो वाचवील. नाही वाचले तर आज्ञेतली शिक्षा त्यालाच व्हावी, कारण आज्ञा मागे घ्या, असे तोच सांगत होता. गवतकाप्याचा हात गेला तर त्याच्यापाशी उरते काय, हे सभेत सगळ्यांना ठाऊक होते. राजाने ही अट मान्य केली आणि आज्ञा मागे घेतली. मंदारकाने खरे बोलायची तीच वेळ होती, पण तो मागच्या रांगेत सरकला.

दुसऱ्याच दिवशी दर्भकाने शेगड्या बाहेर काढल्या, रजया परत पाठवल्या, तांब्याचे पिंजरे भांडारात दिले. मंदारक कळवळून म्हणाला, हा तर त्यांना मारायलाच आला आहे.  दर्भकाने जुने खुराडे विटांवर चढवले, म्हणजे जमिनीची ओल वर येऊ नये. त्याची पाठ उत्तरेच्या वाऱ्याकडे केली. पुढे बोरूची चटई सोडली, पण वरची वीतभर जागा हवेला मोकळी ठेवली. आत एक पेटी उलटी घालून तिला दोन तोंडे पाडली, कारण ज्या घराला एकच दार असते त्यात सशाला सुरक्षित वाटत नाही. तिघांना एकत्र सोडले. आणि मग सुकलेले गवत भरले, इतके की ससे दिसेनात.

“एवढ्यानं काय होणार?” मंदारकाने फुरंगटून विचारले.

“हात घाला, आर्य.”

मंदारकाने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर गवतावर दहिवर गोठले होते आणि आत मात्र नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब होती. तिघेही ससे अंगाला अंग लावून बसले होते. कापशी नावाच्या म्हाताऱ्या सशिणीने त्याचे बोट हुंगले आणि पुन्हा डोळे मिटले. गेल्या वर्षी ती त्याला पाहताच कोपऱ्यात जात असे. मंदारकाने हात बराच वेळ आतच ठेवला.

ऊब साधली, पण आवाजाचे काय? त्यासाठी दर्भकाने दोन महिने घेतले. सायंकाळी तो खुराड्यापाशी मुळ्याचा पाला घेऊन बसे. ठरल्याप्रमाणे ओढ्यापलीकडे त्याचा भाऊ बांबूचे वाळके कामटे मोडी. इकडे कट्ट असा बारीक आवाज येई आणि लगेच पाला आत जाई. चार दिवसांनी भाऊ पाच पावले पुढे. कोणी ससा दचकून खायचा थांबला, की भाऊ पुन्हा मागे. कधी पंधरवडा एकाच जागी जाई. मंदारक रोज बघायला येई आणि रोज म्हणे, हे काही व्हायचे नाही. पण महिनाभराने आवाज झाला की तिघांचे कान आधी ओढ्याकडे वळत नि मग दर्भकाच्या हाताकडे. एके दिवशी भाऊ उशिरा आला, तर कापशी चटईशी येऊन वाट बघत बसली. त्या दिवशी मंदारक मनापासून हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुळे आपल्या वाफ्यातले देऊ लागला.

वेणुदाहाच्या पहिल्या दोन संध्याकाळी शेकोट्या दूरच्या शेतांत पेटल्या. ससे पेटीत शिरले, थोड्या वेळाने बाहेर आले. तिसऱ्या संध्याकाळी मात्र राखणदार धावत आले. हत्तींचा कळप वाट बदलून उद्यानामागच्या शेतांकडे येत होता. उद्यानाच्या भिंतीलगतच शेकोटी पेटवल्यावाचून गत्यंतर नव्हते. राखणदार दर्भकाकडे बघत उभे राहिले. त्याचा हात पणाला लागला आहे, हे त्यांनाही माहीत होते.

“पेटवा,” दर्भक म्हणाला. “पीक तुमचं आहे.”

पहिले कांडे फुटले तेव्हा भिंतीवरची माती ओघळली. कापशीने मागचा पाय फळीवर धाडकन आपटला आणि तिघेही पेटीत नाहीसे झाले.  त्यांना उचलून छातीशी धरावे, कोठडीत न्यावे, दार लावावे, म्हणून मंदारक पुढे झेपावला.

“उचलू नका, आर्य. खाली बसा. तुमची छाती धडधडते आहे, ती त्यांना आधी कळेल.”

मंदारक बसला. दर्भकाने विळा काढला आणि रोजच्यासारखा गवताच्या पेंढ्या कापू लागला. कापताना तो गवतकाप्यांची चाल गुणगुणत होता, ना जास्त मोठ्याने ना हळू. पलीकडे एकामागून एक बांबू फुटत होते. प्रत्येक आवाजानंतर दर्भक पाल्याची एक काडी आत सरकवी. मंदारकाने गुणगुणण्यात सूर मिसळला. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता. मग तो स्थिर झाला.

अखेर भिंतीपलीकडे एकच गलका झाला. हत्ती परतले होते, एकही कणीस न तुडवता. आनंदाच्या भरात लोक ढोल घेऊन राणीला बातमी द्यायला उद्यानाच्या दाराशी आले. राजा नि राणीही तेथे पोचले. मंदारक उठला, दारात गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. त्याचा चेहरा बघून ढोल थांबले. एवढी माणसे, पण कोणी खाकरलेही नाही.

त्या शांततेत खुराड्यातून आवाज आला. कुरुकुरु, कुरुकुरु. मुळ्याचा पाला चावल्याचा. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग तिघांचा. चटईखालून कापशीचे नाक बाहेर आले आणि अख्ख्या नगरासमोर तिने देठ संपवला.

राणीला रडू आले नि हसूही. लोकांना ओरडायचे होते, पण कोणी ओरडले नाही. त्यांनी ढोल खाली ठेवले आणि नुसते हात उंचावून नाचले, आवाज न करता, हजार माणसे. वेणुवतीत असा जल्लोष त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

मंदारक राणीच्या पाया पडला. त्याने शेगड्यांचे सांगितले, पिंजऱ्यांचे सांगितले, फेकलेल्या राखेचेही सांगितले. “देवी, ते थंडीने गेले नाहीत. माझ्या मायेनं गेले.”

 राणीने दर्भकाकडे वळून विचारले, की त्याला हे ठाऊक होते का. ठाऊक होते, असे तो म्हणाला. मग आधी का सांगितले नाही, असे राजाने दरडावून विचारले, आणि लगेच उद्यानाचा अधिकार दर्भकाला देऊ केला.

दर्भकाने हात जोडले. “महाराज, तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही एक माणूस घालवला असता, आणि मायेनं चुकणारे बाकीचे होते तसेच राहिले असते. आता मंदारक शिकले आहेत. हे काम त्यांच्याकडेच ठेवा. मला माझा विळा पुरे.”

राजाने तसेच केले. त्या वर्षापासून वेणुदाहाआधी दोन महिने मंदारक स्वतः घरोघर हिंडे. गोठ्यात कोरडे गवत आहे का, हे हात घालून बघे. चैत्रात कापशीच्या घरात सहा पिल्ले झाली, आणि त्यांचे पहिले गवत दर्भकाने कापले.

भिक्षूंच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगून भिक्षूंकडे पाहिले. विहारात त्या दिवसांत कडाका होता, आणि भिक्षू सुमेध याने एका आजारी भिक्षूची खोली गच्च बंद करून आत निखारे ठेवले होते. थोडक्यात अनर्थ टळला होता, आणि सुमेध मान खाली घालून बसला होता. शास्ता म्हणाला, “भिक्षूंनो, त्या वेळचा जयत्सेन राजा म्हणजे आजचा आनंद. राणी हैमवती म्हणजे उत्पलवर्णा. जो आजारी भिक्षू आता बरा होऊन पेज पितो आहे, ती कापशी. मंदारक तो सुमेध, आणि तोही शिकतोच आहे. दर्भक गवतकाप्या तो मीच होतो.” मग सुमेधाला जवळ बोलावून तो म्हणाला, की जी समोरच्या जिवाला काय हवे ते आधी बघते, आणि मगच हात पुढे करते, तीच खरी मैत्री.