तडकलेल्या मडक्यांतला तांदुळजा

बालाघाटाच्या उतारावर, नदीने जिथे मोठे वळण घेतले आहे, तिथे आंबेटाकळी नावाचे गाव. वेशीबाहेर चिंचेखाली श्रीचिंधोबा महाराजांचा मठ. मठ कसला, कुडाच्या चार भिंती आणि वर पाचट! महाराज जी कंथा पांघरत, तीही गावोगावच्या चिंध्या जोडून शिवलेली. कुणी नवे उपरणे आणले की महाराज हसून म्हणत, "टाकून दिलेलं असेल ते मला द्या. नव्याला मालक पुष्कळ मिळतात." या महाराजांच्या आंबेटाकळीच्या मुक्कामात जे घडले ते आज सांगायचे आहे, बापहो. चित्त इकडे द्यावे.

गावाच्या खालच्या अंगाला कुंभारआळी होती. तिथे धुरपता कुंभारीण एकटी राहत असे. तिच्या नवऱ्याची शेवटची भट्टी अवकाळी पावसात सापडली आणि सगळी मडकी तडकली. त्या धसक्याने तो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. दोन वर्षे झाली तरी तडकलेली मडकी अंगणात तशीच रचलेली होती. शेजारणी म्हणत, "धुरपता, उकिरड्यावर टाक की गं ती. इंचूकाट्याचं घर झालंय." ती होय म्हणे आणि टाकत नसे. त्यांच्यावर त्याच्या बोटांचे ठसे होते ना!

एके दिवशी महाराज भिक्षेला आले. भाकरी झोळीत घेतली आणि त्या ढिगाकडे बघून म्हणाले, "माय, यांत काय ठेवतेस?"

"काय ठेवावं, महाराज? पाणी ठरत नाही यांत."

"पाणी ठरत नाही?" महाराजांचा चेहरा असा खुलला, जणू कुणी लाडू हातावर ठेवला! "मग तर झाडाची मुळं कुजायची नाहीत. माती भर. भाजी लाव."

त्या दिवसापासून अंगणाचे रूप पालटले. मडक्याच्या तळाला खापऱ्या, वर पालापाचोळा, त्यावर शेणखत आणि नदीचा गाळ. मिरचीची रोपे नारळाच्या करवंट्यांत, घेवडा शेणाने सारवलेल्या फाटक्या टोपलीत, दोडका तेलाच्या गंजक्या डब्यात. पाणी घालायचे ते डाळतांदूळ धुतलेले. कीड दिसली की महाराज वाटेने जाताजाता सांगत. मावा पडला तर पहाटे पाने दवाने ओली असताना चुलीतली राख भुरभुरावी. पाने कुरतडली गेली तर लिंबोळ्या ठेचून रात्रभर भिजवाव्यात आणि ते कडू पाणी शिंपडावे. मधूनमधून झेंडू लावावा. धुरपता सगळे तंतोतंत करी.

शेवटी महाराज म्हणाले होते, "आणि पाखरांना पाणी ठेवत जा. ती तुझी राखण."

पण पाणी ठेवायचे कशात? त्या शेवटच्या भट्टीतून एकच भांडे धड निघाले होते, एक पसरट परळ. धुरपताने तो देवापुढे जपून ठेवला होता. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, उचलला, मडक्यांच्या मधोमध ठेवला आणि पाण्याने भरला. साळुंक्या येऊ लागल्या, चिमण्या येऊ लागल्या. पाणी पीत, अंग घुसळीत आणि जाताना पानाखालची एखादी अळी टिपून नेत.

आता आश्विन उजाडला. दर आश्विनात महाराज एकवीस दिवस मौन आणि उपवास धरीत. पाण्याखेरीज काही घेत नसत. पारण्याची भाजी देण्याचा मान बारा वर्षे व्यंकटराव सोळंके यांच्याकडे होता. नदीकाठचा हिरवागार मळा त्यांचा. त्या वर्षी मौन धरण्याआधी सगळ्या गावासमोर महाराज म्हणाले, "यंदा पारणं धुरपताच्या मडक्यांतल्या तांदुळज्यानं. ती भाजी पानात येईल तेव्हाच घास घेईन." एवढे बोलून महाराजांनी डोळे मिटले. पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

धुरपताच्या पायांखालची जमीन सरकली. महाराजांचे वय सत्तरीच्या पुढे. भाजी आली नाही तर? महाराज शब्द मोडायचे नाहीत आणि घास घ्यायचे नाहीत!

व्यंकटराव मठातून उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "धुरपते, फुटक्या गाडग्यांत शेती! उद्या करवंटीत ऊस लावशील!" लोक हसले. "आणि साळुंक्यांना पाणी पाजतेस म्हणं. चोरांना घरजावई करून घेतलंस गं! माझ्या मळ्यात बघ, दिवसभर गोफण चालते. पाखराची सावली पडत नाही पानावर."

"मालक, ज्यानं सांगितलं त्याला काळजी," एवढेच ती म्हणाली. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तिने त्याच दिवशी अकरा मडक्यांत तांदुळजा पेरला. चौथ्या दिवशी अंकुर फुटले. दहाव्या दिवशी बोटभर झाले. पंधराव्या दिवशी वाऱ्यावर डुलू लागले. तिला वाटले, पार पडतेय.

सोळाव्या दिवशी नदीकडून बातमी आली. लष्करी अळी!

ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावे! एकदोन नव्हेत, लाखोंनी. जमीनच चालते आहे असे वाटावे. एक रान संपले की दुसऱ्या रानाकडे तोंड करून रांगेने निघते. पहिल्यांदा व्यंकटरावांच्या मळ्यात शिरली. गडी मशाली घेऊन धावले, चर खणले, चरात पाणी सोडले. अळ्या अळ्यांवरून पूल करून पलीकडे गेल्या. गोफणीवाले गोफणी हातात धरून उभे. अळीला गोफण कशी मारावी? दोन दिवसांत मळ्यात नुसते देठ उरले.

आणि मग ती रांग कुंभारआळीकडे वळली.

धुरपताने घरातले होते नव्हते ते बाहेर काढले. लुगडी, गोणपाट, नवऱ्याचे धोतर, सारे मडक्यांवर घातले आणि सुतळीने घट्ट आवळले. परळाजवळही फडकी फडफडू लागली. ती बघून साळुंक्या बिचकल्या आणि कुंपणापलीकडच्या लिंबावर दूर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तर लिंबही रिकामा. तिला त्याचे भान नव्हते. ती राखेची टोपली घेऊन फिरत होती.

विसाव्या दिवशी दुपारी तिने एका मडक्यावरचे लुगडे जरासे उचलून पाहिले. रांग अजून कुंपणाबाहेर होती, पण पुढे आलेली अळी आत होती! उन्हाला भिणारी अळी, तिला वर आयतीच सावली मिळाली होती. एक मडके खलास झाले होते. दुसऱ्यातले अर्धे गेले होते. कडू पाणी ओतून ओतून ती थकली. बोटांनी वेचून वेचून नखे हिरवी झाली.

कुंपणाशी व्यंकटराव उभे होते. दोन दिवसांत माणूस वाळून गेला होता. पण जीभ तशीच. "माझं गेलं, धुरपते. तुझंही जाणार. कुठं गेले तुझे राखणदार? पाणी पिऊन पळाले व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "उद्या म्हातारा उपाशी राहिला आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर गाव कुणाचं नाव घेईल?"

हे शब्द तिच्या काळजात घुसले. कारण ते खरे होते.

ती तशीच उठली, मातीच्या हातांनी, आणि मठाकडे धावत सुटली. महाराज चिंचेखाली बसले होते. गाल आत गेलेले. संध्याकाळचा गार वारा सुटला होता आणि सेवेकरी हरिबुवांनी त्यांना कंथा घट्ट गुंडाळली होती. धुरपताने पायांवर डोके ठेवले. "महाराज, चुकले हो मी! काय करू? सगळं झाकलं, तरी आत शिरली. तुमचं पारणं... महाराज, माझ्यापायी तुम्ही उपाशी..."

महाराजांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिले. आणि अंगावरची कंथा काढून बाजूला ठेवली.

"महाराज, वारा झोंबतोय," म्हणत हरिबुवांनी ती पुन्हा पांघरली. महाराजांनी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा पांघरायला गेले, तेव्हा महाराजांनी ती लांब भिरकावली आणि उघड्या अंगाने वाऱ्यात ताठ बसले. नजर धुरपतावरच.

ती क्षणभर बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! उघडायचं!"

घरी येईतो अंधारून आले होते. तिने सुतळ्या कापायला घेतल्या तशा शेजारणी धावल्या. "डोकं फिरलं का काय? अळी हातभरावर आलीय आणि तू उघडं टाकतीस?" एकीने तर हात धरला. धुरपताने तो सोडवून घेतला. लुगडी, गोणपाट, धोतर, सारे काढून घडी करून ठेवले. परळ घासला, काठोकाठ पाणी भरले आणि उंबऱ्यात बसून नाम घेऊ लागली. काय ती श्रद्धा, बापहो! बसली खरी, पण प्रत्येक नामाला छाती धडधडत होती. श्रद्धा म्हणजे भीती गेली असे नव्हे. भीतीसकट तिने सुतळी कापली!

तांबडे फुटले तेव्हा रांग कुंपण ओलांडून अंगणात आली होती. रांगेतल्या पहिल्या अळ्या मडक्यांच्या तड्यांतून वर चढू लागल्या. व्यंकटरावही कुंपणाशी येऊन उभे होते. ते का आले हे त्यांनाही सांगता आले नसते.

धुरपताने हात जोडले. "महाराज, मडकी तुमची, भाजी तुमची. आता तुम्हीच बघा."

आणि लिंबावर एक साळुंकी बोलली.

ती खाली आली, परळाच्या काठावर बसली, दोन घोट पाणी प्याली आणि तिने मान वाकडी करून जमिनीकडे पाहिले. एक अळी टिपली. मग जी काही किलबिल उठली! लिंबावरून, कौलांवरून, नदीकडून, डोंगराकडून साळुंक्या आल्या, चिमण्या आल्या, काळे कोतवाल पक्षी आले, पांढरेशुभ्र बगळे आले. त्या गावात एवढी पाखरे कधी कुणी पाहिली नव्हती. आदल्या दिवशी आभाळ रिकामे होते हो! कुणी बोलावले त्यांना? धुरपता मध्ये बसलेली, तिच्या पदरावर, मांडीवर, खांद्यावर पाखरे, आणि एकही तिला बिचकत नाही! ऊन कोवळे होते तोवर अंगण साफ झाले.

अकरांपैकी सहा मडकी वाचली. पाने भोकाभोकांची. तिने ती खुडली, तीन पाण्यांत धुतली, चुलीवर भाजी टाकली आणि झाकण लावून ती पातेली उराशी धरून मठात गेली. व्यंकटराव मान खाली घालून तिच्या मागोमाग.

महाराजांनी घास घेतला. सगळे गाव श्वास रोखून बघत होते. एकवीस दिवसांनी महाराज पहिला शब्द काय बोलणार?

महाराज म्हणाले, "माय, मीठ विसरलीस."

धुरपताने तोंडावर पदर घेतला. "अगं आई! घाईत..."

"राहू दे," महाराज हसले. "विस्तवापुढे बसून रडलीस ना? तेवढं पुरे झालं." आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

कुणीतरी हळूच म्हणाले, "पानं किडकी आहेत, महाराज." महाराजांनी एक भोकाचे पान उचलून उजेडात धरले. "हिच्या दारात जो येतो तो जेवून जातो. अळीही जेवली, पाखरंही जेवली. मी शेवटचा आलो. एवढ्या पंगतीत उष्टं खायला मिळालं, हे माझं भाग्य."

तेव्हा व्यंकटराव पुढे आले. "महाराज, बारा वर्षं गोफण चालवली. पाखरांना चोर म्हणालो. माझा मळा मीच उघडा पाडला. माझ्या रानात येतील का हो ती?" आणि ते पायांवर पडायला वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या अंगणात कुठं पाणी प्याली ती?"

व्यंकटराव उठले. गाव बघत होते. आयुष्यात त्यांनी कधी कुंभारआळीतल्या अंगणात पाय ठेवला नव्हता, कुंपणाबाहेरूनच बोलत. आज ते धुरपताच्या कुंपणाच्या आत गेले. मधोमध परळ होता, तळाशी थोडे पाणी, त्यात एक पीस तरंगत होते. व्यंकटराव गुडघ्यांवर बसले, कमरेची गोफण सोडून परळाजवळ ठेवली आणि त्याच्या काठाला कपाळ टेकवले.

मागून धुरपता आली. तिने दोन करवंट्यांतली मिरचीची रोपे त्यांच्या हातात दिली आणि एक तडकलेले मडके त्यांच्या काखेत दिले. "मालक, या मडक्यात लावा. पाणी ठरत नाही, पण रोप ठरतं."

तिच्यापुढेही त्यांची मान झुकली. "व्हय, माय," ते म्हणाले. ती गोफण त्यांनी पुन्हा कधी उचलली नाही.

ज्यांनी कंथा काढून केलेल्या इशाऱ्याने एक अंगण वाचले, त्या श्रीचिंधोबा महाराजांच्या चरणी आपणही मस्तक ठेवू या, आणि घरी जाऊन दारात पाण्याचा परळ भरू या.